वडिलांचा बूस्टर: आधी दुसऱ्या डोसची नोंद शोधा, गणपतीचं नंतर ठरवा

राजारामपुरीकर, वडिलांना कोविड लशीचा बूस्टर, म्हणजे तिसरा डोस, द्यावा का आणि गणपतीला पाठवावं का, हे तुमचं सगळं वाचलं. वडील 71 वर्षांचे, मधुमेह, बायपास झालेली, कोविशिल्डचे दोन डोस, जानेवारी 2022 मध्ये कोविड होऊन गेला. थोरले बंधू म्हणतात, "होऊन गेलाय, आता अँटिबॉडी आहेत, तिसरा डोस कशाला?" वडिलांना तर दोन वर्षांच्या खंडानंतर तालमीच्या गणपतीला जायचंच आहे. आणि अगदी शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की कोविन पोर्टलवर, म्हणजे लशीच्या सरकारी नोंदीत, त्यांचा दुसरा डोस दिसत नाही. बाकीचं सगळं नंतर. मला ती शेवटची ओळ वाचूनच कापरं भरलं, कारण आमच्या घरात त्याच एका ओळीनं पुढचं सगळं नासवलं.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. गुळाच्या व्यापारातला माणूस आहे. आईला जुना आमवात, त्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू. त्यामुळे गेली दोन वर्षं या विषयात नको तेवढं डोकं घालावं लागलं. औषधाबाबतचा शेवटचा शब्द तुमच्या वडिलांच्या डॉक्टरांचा.

तर आईनं पहिला डोस मार्च 2021 मध्ये घेतला, ज्येष्ठांना सुरू झाला त्याच आठवड्यात. आधार कार्ड, माझा मोबाईल नंबर, सगळं व्यवस्थित. दुसरा डोस एप्रिलच्या मध्यावर. त्या दिवशी दुसऱ्या एका केंद्रावर भाचा घेऊन गेला होता. ओटीपी येईना, मागे रांग वाढलेली. कॉम्प्युटरवरच्या मुलानं "पॅन कार्ड आहे का?" विचारलं आणि भाच्याच्या नंबरवर नवीन माणूस म्हणून नोंद करून टाकली. लस बरोबर मिळाली. पण सरकारच्या दृष्टीनं कोल्हापुरात एकीच्या दोन बायका झाल्या, दोघींचा फक्त पहिलाच डोस झालेला.

हे कळलं जानेवारी 2022 मध्ये. 10 तारखेपासून साठीच्या पुढच्या आजारी माणसांना प्रिकॉशन डोस (बूस्टरचं सरकारी नाव) सुरू झाला. अट अशी, की दुसऱ्या डोसला 39 आठवडे झालेले हवेत. आईचे नेमके तेव्हाच भरत होते. पण ज्या बाईचा दुसरा डोसच नाही तिचा तिसरा कसा ड्यू होणार? केंद्रावर गेलो. "आमच्याकडे एडिटचा अधिकार नाही, वर जा." वर गेलो. "नोंद जिथं झाली तिथूनच दुरुस्त होईल." पुन्हा खाली. तिथं आता दुसराच माणूस बसलेला, तो म्हणाला, "पोर्टलवर तक्रार टाका." टाकली. काही दिवसांनी तक्रार निकाली निघाल्याचा मेसेज आला आणि नोंद होती तशीच. कार्यालयाचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. माणसं कामानं पिचलेली होती हे मलाही दिसत होतं. पण एवढ्या सगळ्यांत एकालाही "काका, बसा, दोन्ही कागद बघू" म्हणावंसं वाटलं नाही, याचा राग अजून आहे. एक महाभाग तर म्हणाला, "नवीन नंबरवर पहिला डोस म्हणून घालून टाका की, सुई तीच, औषध तेच." ओळखीतल्या काहींनी तसं केलंही. कृपा करून तुम्ही करू नका. कागदावरची तिसरी बाई निस्तरायला आणखी त्रास होतो.

या हेलपाट्यांत ओमायक्रॉननं गाठलंच. आईला ताप दोन-तीन दिवसच होता, ऑक्सिजन उतरला नाही, त्या मानानं सुटलो. पण आमवाताचं औषध थांबवावं लागलं आणि सांधे असे धरले की महिनाभर केस विंचरायला हात वर जात नव्हता. वर नवा नियम, कोविड झाल्यावर तीन महिने डोस नाही. म्हणजे जानेवारीचा डोस मे महिन्यात मिळाला. तोही कसा, तर भागातल्या नागरी आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांनी दोन्ही सर्टिफिकेटं शेजारी ठेवून बघितली. एकावर आधारवरचं पूर्ण नाव, दुसऱ्यावर पॅनवरचं आद्याक्षरांचं, जन्मसालही वेगळं. दोन "पहिले डोस" एकत्र करण्याचा पर्याय पोर्टलवर होताच, पण नावं जुळत नाहीत तोवर आमची विनंती परत येत होती. आधी नाव-साल दुरुस्त, मग जोडणी, हा क्रम आम्हाला कुणी सांगितलाच नव्हता.

तेव्हा आज घरी गेल्यावर वडिलांच्या दुसऱ्या डोसचा मेसेज कुणाच्या फोनवर आला होता ते शोधा. सून, नातू, शेजारी, ज्यानं त्या दिवशी नेलं त्याचा फोन. त्या नंबरनं लॉगिन करा, दुसरं सर्टिफिकेट बहुतेक तिथं सापडेल. दोन्हींचे रेफरन्स आयडी लिहून ठेवा, स्पेलिंग ताडून बघा, कारण दुरुस्तीची संधी पुन्हा पुन्हा मिळत नाही. कुठं लेखी अर्ज दिला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. पोच मागितली की साहेबाचा आवाज आपोआप खाली येतो, हा माझा अनुभव मार्केट यार्डापासूनचा आहे.

आता डोसचं. माझं मत सरळ आहे: द्या, आणि पुढच्या लाटेचा मुहूर्त बघत बसू नका. थोरल्या बंधूंचं अर्धं खरं आहे. कोविड होऊन गेल्यानं संरक्षण मिळतंच. पण ते काही महिन्यांत उतरतं, आणि संसर्ग अडवण्याची ताकद आधी उतरते. गंभीर आजारापासूनचं संरक्षण जास्त टिकतं. चाळिशीच्या माणसाला ते पुरतं. 71, साखर आणि हृदय या तिन्ही गोष्टी एकत्र असल्या की नुसत्या त्याच्या भरवशावर राहू नये. या रोगात वयाचा फरक फार मोठा पडतो, हे दुसऱ्या लाटेत आपण जिल्ह्यात डोळ्यांनी बघितलंय. अँटिबॉडी टेस्टवर पैसे घालू नका. अमुक आकडा आला म्हणजे माणूस सुरक्षित, असा ठरलेला आकडाच नाही. आमच्या गल्लीत लोक रिपोर्ट असे दाखवत फिरत होते जणू दहावीचे मार्क.

गुठळ्यांची भीती तुम्ही लिहिली आहे. कोविशिल्डनंतर तसा प्रकार होतो हे खरं, पण अतिशय विरळ, आणि झाला तो बहुतांशी पहिल्या डोसनंतर. खुद्द कोविडनं गुठळ्या होण्याचा धोका त्याहून कितीतरी जास्त. बायपासनंतरच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका. टोचणाऱ्या सिस्टरांना तेवढं सांगा आणि सुईची जागा दोन-तीन मिनिटं घट्ट दाबून धरा. (कुणाच्या घरी मेथोट्रेक्सेट चालू असेल तर आमच्या डॉक्टरांनी लसीनंतरचा एका आठवड्याचा डोस गाळायला लावला होता. तुम्हीही विचारून मगच करा.)

जुलै 2022 मध्ये हे अंतर 39 वरून 26 आठवड्यांवर आणलं, त्यामुळे नोंद सापडली की वडील त्यात बसतातच. साठीच्या पुढच्यांना तेव्हा सरकारी केंद्रावर फुकटच होता. 2022 मध्ये 15 जुलैपासून 30 सप्टेंबरपर्यंत अठरा ते एकोणसाठ वयाच्यांनाही फुकट होता. तुम्ही आणि वहिनींनीही त्याच फेरीत उरकून घ्या. त्याआधी एप्रिल 2022 पासून खासगीत लशीचे 225 आणि वर टोचायचे 150 पर्यंत मोजावे लागत होते. ऑगस्ट 2022 मध्ये कोर्बेव्हॅक्सलाही वेगळी लस म्हणून (म्हणजे आधीचे डोस दुसऱ्या लशीचे असले तरी) बूस्टरसाठी परवानगी मिळाली. कोविशिल्ड बरी की कोर्बेव्हॅक्स यावर घरात वाद घालण्यापेक्षा जवळच्या केंद्रावर त्यांतली जी असेल ती घ्या, असं मला वाटतं. डोसचा जोर यायला साधारण दोन आठवडे लागतात, गणपतीच्या तारखेवरून हिशेब तुम्हीच करा.

तालमीचं म्हणाल तर मी वडिलांना अडवणार नाही. इथं माझं घरच्यांशी पटत नाही, म्हणून हे माझं वैयक्तिक मत समजा. म्हाताऱ्या माणसाला दोन वर्षं घरात कोंडून आपण काय केलं ते मी आईच्या चेहऱ्यावर बघितलंय. धोका शून्य होत नाही. तो कुठं पत्करायचा एवढंच आपल्या हातात आहे. मांडवात, उघड्यावर, जुन्या दोस्तांबरोबर खुर्ची टाकून तासभर बसणं मला परवडतं. आरतीच्या वेळी तालमीच्या आतल्या खोलीत पन्नास माणसं गळा काढून गातात, ते परवडत नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत डॉल्बीजवळ तर बायपासवाल्यानं कोविड नसतानाही जाऊ नये.

आणि धोका कुठं आहे तेही नीट बघा. आपण अंबाबाईच्या गर्दीला भितो आणि डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये दोन तास मास्क हनुवटीला लावून खोकणाऱ्यांच्यात बसतो. देवळात मुखदर्शन घेऊन पाच मिनिटांत बाहेर पडता येतं. ऑगस्टचा पाऊस हा आपल्याकडचा खरा घोटाळा आहे. एरवी केएमटी बसच्या खिडक्या उघड्या असतात, आता झड आली की सगळ्या बंद. वडापला (शेअर गाडीला) तर रेक्झिनचे पडदे सोडतात आणि आत दहाजण. गुडघ्याला गुडघा लावून गांधीनगरपर्यंत जाण्यापेक्षा रिक्षा करा, एका बाजूनं भिजाल इतकंच. गौरीला पाहुणे येतील तेव्हाही हॉलच्या खिडक्या उघड्या ठेवा आणि ज्याला सर्दी-खोकला त्यानं पुढच्या आठवड्यात यावं, हे व्हॉट्सअपवर आधीच टाका. राग येतो लोकांना. येऊ दे. मिसळ खायची तर सकाळी लवकर, गर्दीच्या आधी. पार्सल मिसळ ही मिसळ नव्हे, तो सल्ला मी देणार नाही.

बिनकामाचे धोके मात्र कापून टाका. वडील पेन्शनर असतील तर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेच्या रांगेत उभं करू नका. जीवन प्रमाण डिजिटल होतं, पोस्टमन घरी येऊनही करून देतो.

ताप आलाच तर काय, हे घरात आत्ताच ठरवून ठेवा. घरच्या किटनं पहिल्या दिवशी निगेटिव्ह आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, एक-दोन दिवसांनी पुन्हा करा. ऑक्सिमीटरचे सेल बदला, आमचा ऐनवेळी बंद पडला होता. 94 च्या खाली गेलं की वाट बघायची नाही. लगेच सीटी स्कॅन करून स्कोअर काढायला पळू नका, पण हृदयाच्या डॉक्टरांना पहिल्या दिवशीच फोन करा, कारण विषाणूवरच्या गोळ्या द्यायच्या झाल्या तर त्या पहिल्या पाच दिवसांतच द्याव्या लागतात. त्यातल्या काही कोलेस्टेरॉलच्या आणि रक्त पातळ करायच्या औषधांशी जुळत नाहीत. वडिलांच्या चालू गोळ्यांची यादी डोससह एका कागदावर लिहून फ्रीजच्या दाराला लावा आणि तिचा फोटो तुमच्या आणि बंधूंच्या, दोघांच्याही फोनमध्ये असू द्या.

पोर्टलवर जोडणीची विनंती परत आली तर नेमका काय मेसेज येतो तो इथं टाका, नाव-नंबर झाकून. त्यातले बरेच मेसेज माझे पाठ आहेत.