तेरा माणसांच्या पर्यटक बोटीला ६० हॉर्सपॉवरची ओबीएम: गिअर रेशो १.८३ घ्यावा की २.३३?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रामटेकजवळच्या खिंडसी तलावात वीस फुटी फायबर बोट चालवायची, चालकासह तेरा माणसं, मोटर ६० हॉर्सपॉवरची ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायची आउटबोर्ड मोटर. एक विक्रेता म्हणतो १.८३ घ्या, पळेल. दुसरा म्हणतो २.३३ घ्या, ओढेल. शिवाय आत्ता १.८३ घेऊन पुढे गिअर बदलता येतील का, हेही विचारलंय.

माझं उत्तर २.३३. नागपुरात राहून मी अकरा वर्षं ओबीएम दुरुस्त करतोय, आणि तुम्ही ज्या चुकीच्या दाराशी उभे आहात त्यातून एकदा स्वतःचे पैसे घालून गेलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रेशोचा आकडा म्हणजे पंख्याच्या (प्रॉपेलरच्या) एका फेरीसाठी इंजिनाला किती फेऱ्या माराव्या लागतात तो आकडा. पाण्याखालच्या लोअर युनिटमध्ये पिनियन हे लहान दातेरी चाक मोठ्या गिअरला फिरवतं. यामाहाच्या एफ ६० मध्ये १३ आणि २४ दात, म्हणजे १.८५. त्यांच्याच हाय थ्रस्ट टी ६० मध्ये १२ आणि २८, म्हणजे २.३३. मर्क्युरीच्या साध्या ६० ला १.८३ आहे, कमांड थ्रस्टला २.३३. सुझुकीची डीएफ ६० ए २.२७ ची येते. एकाच हॉर्सपॉवरच्या मोटरींमध्ये इतका फरक असतो, म्हणून नुसतं '६० ची मोटर' म्हणून सौदा करू नका.

कळमन्याला संत्र्याची ट्रॉली नेणारा ट्रॅक्टरवाला माल भरला की खालच्या गिअरवर येतो आणि ट्रॉली रिकामी झाली की वर जातो. आपल्या ओबीएमला पुढे जायला एकच गिअर. कारखान्यात जो रेशो बसला तोच भरल्या बोटीला आणि तोच रिकाम्या बोटीला. त्यामुळे बोट आयुष्यातले बहुतेक तास किती वजन घेऊन आणि किती वेगाने जाणार, ते आधी ठरवायचं.

तुमचा हिशेब मांडू. बोट ६५० किलो धरा, मोटर, बॅटरी, पेट्रोल आणि जॅकेटं मिळून २००, आणि तेरा माणसं माणशी ७० किलोने ९१०. झाले १,७६०, म्हणजे एका हॉर्सपॉवरवर २९ किलो. माझ्या अनुभवात हा आकडा २० च्या आत असला की बोट झटकन पाण्यावर उठते, २५ च्या वर गेली की नाक वर करून पाणी ढकलत राहते. तुमची बोट ढकलणारी आहे. पर्यटकांना तलाव दाखवायचा तर १५-२० किलोमीटरचा वेग पुरतोही.

आता 'पळेल' या शब्दाबद्दल. २.३३ म्हणजे बोट हळू, हा समज चुकीचा आहे. वेग ठरतो पंख्याच्या फेऱ्या आणि पिच (एका फेरीत पंखा कागदावर जितके इंच पुढे जातो तो आकडा) यांच्या गुणाकाराने. ५,५०० आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) १.८३ वर पंखा मिनिटाला सुमारे ३,००५ फेऱ्या मारतो, २.३३ वर २,३६०. पिच इंचांत घेऊन फेऱ्यांना गुणा, मग ०.००१५२४ ने गुणा, ताशी किलोमीटर मिळतात. १.८३ वर ११ पिच लावला तर कागदावर ५० येतात. २.३३ वर १४ पिच लावला तरी ५० च येतात! पाणी काही घट्ट नसतं, त्यामुळे पंखा घसरतो आणि प्रत्यक्ष वेग कमी पडतो. किती घसरतो, ते वजन आणि पंख्याच्या व्यासावर अवलंबून.

रेशोचा खरा फायदा इथे आहे. मर्क्युरीच्या साध्या ६० च्या लहान युनिटला साधारण साडेदहा इंची पंखा बसतो, कमांड थ्रस्टच्या मोठ्या युनिटला १४ इंची. म्हणजे पात्यांखालचं क्षेत्र जवळजवळ पावणेदोन पट. हॉर्सपॉवर वाढत नाही, पण दांड्यावरचा पीळ (टॉर्क) वाढतो, तो मोठा पंखा सावकाश फिरवतो, आणि थोडं पाणी जोरात फेकण्यापेक्षा जास्त पाणी हळू ढकलणं वजनदार बोटीला मानवतं. धक्क्याला लागताना रिव्हर्स टाकला की बोट थांबते, हे तर पैशात मोजता येणार नाही. मोठ्या युनिटचं नुकसान एकच: जाडजूड असल्यामुळे हलक्या, वेगवान बोटीला ते पाण्यात ओढ देतं. तुमच्या मित्राला चार जणांची स्पीडबोट करायची असेल तर त्याने खुशाल १.८३ घ्यावी.

माझी चूक अशी. गोसीखुर्दच्या जलाशयात मासेमारीच्या बोटीसाठी मी जुनी ४० हॉर्सपॉवरची मोटर घेतली, रेशो २.००, सोबत १३ पिचचा पंखा. कंपनीची मर्यादा पूर्ण थ्रॉटलला ४,५०० ते ५,५००. विकणाऱ्याने सांगितलं, पाच हजारावर जाईल. चौदा माणसं आणि जाळी घेऊन ती ३,९०० च्या वर गेलीच नाही. चौथ्या गिअरवर सेमिनरी हिल्सचा चढ चढवल्यासारखा आवाज येत होता आणि मी तो ऐकूनही हंगामभर तशीच चालवली. पिस्टनवर ओरखडे आले. नंतर १० पिचचा पंखा लावला. एका इंचाला दीडशे-दोनशे आरपीएम वाढतात या हिशेबाने ती ४,४५० पर्यंत आली आणि पिच कमी करूनही वेग जीपीएसवर १७ वरून २० झाला. पण वारा सुटला की काठाला लागताना त्रास व्हायचाच, कारण पंख्याचा व्यास होता तेवढाच होता. तिथे पिच बदलून काही होत नाही, युनिटच मोठं लागतं.

गिअर पुढे बदलता येतील का? हा नाद सोडा. २.३३ चे मोठे गिअर १.८३ च्या लहान कवचात मावत नाहीत, अख्खं लोअर युनिट बदलावं लागतं, आणि त्या खर्चात पुढच्या मोटरीची बयाणा रक्कम निघते. जुनी मोटर घेत असाल तर स्टिकरवर भरवसा न ठेवता रेशो हाताने मोजा. बॅटरीची तार आणि सेफ्टीची दोरी काढा, स्पार्क प्लग सगळे काढा, गिअरमध्ये टाका, पंख्याच्या एका पात्यावर खडूची खूण करा आणि वरून फ्लायव्हील हाताने फिरवा. पंख्याच्या तीन फेऱ्यांना फ्लायव्हीलच्या बरोबर सात झाल्या, तर २.३३.

पंखा मात्र विक्रेत्याच्या यादीवरून घेऊ नका, चाचणीवरून घ्या. मर्क्युरीच्या ६० ला पूर्ण थ्रॉटलवर ५,५०० ते ६,००० आरपीएम हवेत. तेरा माणसांचं वजन खरोखर भरा, वाळूची पोती चालतील, आणि टॅकोमीटर बघा. ही चाचणी थंडीत केली तर ५,७०० च्या खाली समाधान मानू नका. १५ अंशांची हवा ४५ ला गेली की सुमारे ९ टक्के विरळ होते, इंजिनाची ताकद तितकीच घटते आणि आरपीएम दीड-दोनशेने खाली येतात. आपल्याकडे मे महिन्यात तेच होतं, आणि शाळांच्या सुट्ट्यांमुळे बोट त्याच महिन्यात सगळ्यात भरलेली असते. मग एकदा फक्त चालक बसवून चालवा, ६,००० ओलांडत असेल तर एक इंच पिच वाढवा आणि भरलेली चाचणी परत घ्या.

सुरुवात १३ पिचने करा. त्यावर भरलेल्या बोटीचा आरपीएम किती आला तो इथेच लिहा, पुढचा पंखा कोणता ते त्या आकड्यावरून सांगतो.