मॉडेलला आधी इथला वारा सांग

भाऊ, क्लोरीन गळला तर वायू कुठे, किती पसरेल हे हिशेबाने सांगणारं मॉडेल शिकायला घेतलंस, बरं केलंस. पण दूरच्या विमानतळावरचा वारा त्यात भरू नकोस. यावल-चोपड्याकडे रात्री सातपुड्याच्या उतारावरून थंड हवा तापीकडे ओघळते, ती त्या आकड्यांत दिसणार नाही. मोकळ्या जागी १० मीटर उंचीवर वारामापक लाव, जवळच्या इमारतीपासून तिच्या उंचीच्या दहापट तरी लांब. मी एकदा गच्चीवर लावला होता, त्या सगळ्या नोंदी वाया गेल्या.

खरी काळजी हिवाळ्यातल्या रात्रींची. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, जमीन गार. वर उबदार हवेचं झाकण बसतं. त्यात क्लोरीन हवेपेक्षा जवळपास अडीचपट जड, म्हणजे नाल्यात, खोलगटात साचणार. पहाटे केळीच्या बागांवर धुराचा थर आडवा थांबलेला बघ, तीच ही स्थिर हवा. साध्या गॉसियन सूत्रात, म्हणजे वाऱ्यासोबत पसरणाऱ्या वायूचं हवेतलं प्रमाण काढायच्या सूत्रात, वाऱ्याचा वेग छेदात असतो. वेग शून्याजवळ गेला की त्या उत्तरावर विसंबू नकोस. २ आणि १० मीटरवरचं तापमान सोबत नोंदव, वर जास्त दिसलं की झाकण बसलंय समज.

आणि हो, पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा. इथे चुकलास तर लोकांना वायूच्या वाटेवरच नेऊन बसवशील.