सर्व्हरच्या व्यवस्थापन पोर्टवर कोणाला किती अधिकार द्यावेत?

आठ-दहा सर्व्हर नव्याने तुमच्या ताब्यात आले आहेत, त्यांच्या व्यवस्थापन पोर्टवर सगळे एकाच अ‍ॅडमिन खात्याने लॉगिन करतात, आणि आता प्रत्येकाला स्वतंत्र खाते देताना अधिकार कसे वाटावेत, असा तुमचा प्रश्न आहे. हेच काम मी बरीच वर्षे केले आहे, आणि माझ्या मते अधिकाराच्या पातळीचे नाव न पाहता त्या खात्याने प्रत्यक्ष काय करता येते ते पाहूनच वाटणी करावी.

या पोर्टमागची मदरबोर्डवरील बीएमसी (सर्व्हर दुरून सांभाळणारी चिप), मग कंपनीने तिला आयड्रॅक (डेल) म्हटलेले असो वा आयएलओ (एचपी), हा खरे तर सर्व्हरच्या पोटातला एक वेगळा छोटा संगणक असतो. सर्व्हर बंद असला तरी वीजजोडणी आहे तोवर तो जागा असतो आणि त्याची वापरकर्त्यांची यादीही स्वतःची असते. त्यामुळे नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे लिनक्सवरील खाते बंद केले तरी बीएमसीवरील त्याचे खाते तसेच चालू राहते. मी एकदा अशी यादी उघडली, तेव्हा तिच्यात दोन वर्षांपूर्वी गेलेल्या सहकाऱ्याचे नाव पूर्ण अधिकारांसह सापडले होते.

आयपीएमआय, म्हणजे बीएमसीशी बोलण्याची जुनी प्रमाणित पद्धत, हिच्यात सामान्यतः युजर, ऑपरेटर आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर या पातळ्या वापरात येतात. युजर स्थिती पाहू शकतो, ऑपरेटर यंत्र बंद-चालू करू शकतो, आणि खाती व मांडणी बदलण्याचे काम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरकडे असते. तिच्या जागी आलेल्या रेडफिश या नव्या पद्धतीतही जवळपास अशाच तीन भूमिका आहेत. ही विभागणी सोयीची आहे, पण कंपन्यांच्या वेबपानांवर दूरस्थ कन्सोल (सर्व्हरचा पडदा व कीबोर्ड दुरून वापरणे) आणि व्हर्च्युअल मीडिया (दुरून डिस्क जोडणे) यांच्या परवानग्या अनेकदा स्वतंत्रपणे द्याव्या लागतात, आणि खरी गोम तिथेच आहे. या दोन परवानग्या एकाच माणसाच्या हाती आल्या, की तो स्वतःच्या लॅपटॉपवरील आयएसओ फाइल (डिस्कची प्रत) जोडून सर्व्हर तिच्यावरून सुरू करू शकतो आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल तर रूटचा, म्हणजे लिनक्सवरील सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड बदलू शकतो. माझ्या वरिष्ठांना हे पटत नव्हते, म्हणून चाचणीच्या यंत्रावर मी ते त्यांच्यासमोर करून दाखवले. चहा गार होण्याआधी मी रूट झालो होतो. तेव्हा रात्रपाळीच्या माणसाला केवळ रीस्टार्ट करायचे असेल तर त्याला लॉगिन आणि पॉवर एवढेच द्यावे. व्हर्च्युअल मीडिया तर देऊच नये.

आयपीएमआयटूल या कमांड-लाइन साधनाने खाते करताना एक खाच आहे, जिच्यात मी स्वतः अर्धा दिवस घालवला आहे. मी नाव दिले, पासवर्ड दिला, खाते चालूही केले, तरी लॉगिन होईना. शेवटी वापरकर्त्यांची यादी काढली, तेव्हा नव्या नावापुढे शेवटच्या रकान्यात ‘नो अ‍ॅक्सेस’ असे लिहिलेले दिसले, कारण त्या चॅनेलवरील (बीएमसीशी जोडणीच्या त्या मार्गावरील) अधिकाराची पातळी वेगळ्या आदेशाने द्यावी लागते आणि तो मी दिलाच नव्हता. खात्यांच्या जागाही मर्यादित असतात: अनेक आयड्रॅकमध्ये १६ असून पहिली राखीव असते, तर आयएलओ ४ आणि ५ मध्ये १२ स्थानिक खाती मावतात. माणसे जास्त असतील तर लॉगिन एलडॅपशी, म्हणजे कंपनीच्या खात्यांच्या मध्यवर्ती निर्देशिकेशी, जोडून गटांनुसार अधिकार द्यावेत आणि निर्देशिकाच बंद पडली तर आत शिरता यावे म्हणून एक स्थानिक अ‍ॅडमिन खाते पासवर्डासह तिजोरीत ठेवावे.

नेटवर्कवरून आयपीएमआयची गरज नसेल तर ते बंदच करावे. २००४ साली आलेल्या आयपीएमआय २.० च्या रचनेतच असा दोष आहे, की पासवर्ड माहीत नसलेल्यालाही वैध नाव सांगताच बीएमसी त्या पासवर्डाचा हॅश (त्यावरून काढलेला सांकेतिक ठसा) पाठवून देते, आणि तो घरी बसून फोडता येतो. त्यात पासवर्डाची कमाल लांबी २० बाइट. जुन्या यंत्रांवर सायफर शून्य (पासवर्ड न तपासणारा पर्याय) चालू असेल तर फोडण्याचेही कष्ट नकोत. वैध नावासोबत कोणताही पासवर्ड चालतो. व्यवस्थापनाचे पोर्ट वेगळ्या व्हीलॅनवर (नेटवर्कच्या अलग केलेल्या भागावर) असणे म्हणूनच आवश्यक आहे. हेही ध्यानात ठेवा, की ऑपरेटिंग सिस्टिमवर रूट असलेला माणूस अनेक यंत्रांवर आतूनच, बीएमसीचा पासवर्ड न देता, नवे अ‍ॅडमिन खाते तयार करू शकतो. आयएलओसारख्या काही ठिकाणी ही वाट अडवण्याची सोय सेटिंगमध्ये आहे, ती चालू करावी.

प्रत्यक्ष बदल करताना आधी स्वतःचे नवे अ‍ॅडमिन खाते करा, दुसऱ्या ब्राउझरमधून त्याने लॉगिन होते का ते पाहा आणि मगच जुन्या सामाईक खात्याला हात लावा. ते लगेच काढून टाकण्याऐवजी त्याचा पासवर्ड बदला आणि आठवडाभर लॉगमध्ये त्या नावाने फसलेली लॉगिन कोणत्या पत्त्यावरून येतात ते बघा. ठरावीक मिनिटांनी येणारा पत्ता बहुधा कोणीतरी लिहून विसरलेल्या मॉनिटरिंग स्क्रिप्टचा निघतो. तिला केवळ वाचण्याचा अधिकार असलेले वेगळे खाते द्या आणि मग जुने खाते काढा.