अलास्काच्या सफरीसाठी गजबजलेले जहाज घ्यावे की निवांत?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याहून येणारे आईवडील (वय ७३ आणि ६८) आणि ७ व ११ वर्षांची दोन मुले यांना घेऊन जूनमध्ये सिअ‍ॅटलहून सात रात्रींची अलास्काची सफर करायची आहे, तर रॉयल कॅरिबियनचे क्वांटम वर्गातील जहाज घ्यावे की हॉलंड अमेरिका लाइनचे यूरोडॅम? पहिले मुलांना आवडेल आणि दुसरे आजी-आजोबांना, असे सगळे सांगतात, त्यामुळे निर्णय होत नाही, असेही आपण लिहिले आहे.

माझे मत आधीच सांगतो. यूरोडॅमच्या ज्या फेरीच्या कार्यक्रमात ‘ग्लेशियर बे’ (अलास्कातील हिमनद्यांचे राष्ट्रीय उद्यान) स्पष्ट लिहिलेले असेल, ती फेरी घ्यावी. ते नसेल, तर मी तुमच्या जागी बहुधा मोठ्या, म्हणजे रॉयल कॅरिबियनच्या जहाजाकडे वळलो असतो. ‘मुलांचे जहाज’ आणि ‘म्हाताऱ्यांचे जहाज’ ही जी वाटणी लोक करतात, ती कॅरिबियन समुद्रात बरीचशी खरी असली तरी अलास्कात तितकीशी लागू पडत नाही, असा माझा अनुभव आहे. मी सिअ‍ॅटलजवळ राहतो आणि अलास्काची सफर दोन्ही प्रकारच्या जहाजांवरून केलेली आहे, एकदा माझ्या आईवडिलांना घेऊन आणि एकदा मुलाबाळांसह तीन कुटुंबांनी मिळून.

गजबजलेले जहाज म्हणजे गर्दीचे आणि निवांत जहाज म्हणजे मोकळे, असे आपण गृहीत धरतो. आकडे पाहिले तर तसे दिसत नाही. क्वांटम वर्गातील जहाज सुमारे १,६८,००० टनांचे असून एका केबिनमध्ये दोघे असे धरल्यास त्यावर ४,१८० प्रवासी मावतात. यूरोडॅम सुमारे ८६,००० टनांचे आहे आणि त्यावर साधारण २,१०० प्रवासी असतात. (हे टन वजनाचे नसून जहाजाच्या आतल्या जागेचे माप आहे.) भागाकार केला तर दोन्हीकडे माणशी ४० टनांच्या आसपासच जागा येते. शाळांना सुटी लागली की मोठ्या जहाजावर केबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्या खाटाही मुलांनी भरतात, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा थोडा बदलतो, हे खरे. तरीही फरक गर्दीचा कमी आणि गर्दी कशासाठी जमते याचा जास्त आहे. मोठ्या जहाजावर माणसे कार्यक्रमांच्या वेळा पाहून इकडून तिकडे जात असतात आणि खेळ सुटला की लिफ्टपाशी रांग लागते. लहान जहाजावर माणसे खिडकीपाशी किंवा कठड्यापाशी बसून राहतात आणि उठण्याची घाई कोणालाच नसते.

हा फरक दोन्ही कंपन्यांच्या मुळातच आहे. हॉलंड अमेरिका १८७३ साली रॉटरडॅममध्ये सुरू झाली आणि पुढची अनेक दशके ती युरोपातून न्यूयॉर्कला माणसे पोहोचवत होती. त्या काळी जहाजावर करण्यासारखे असे काय, तर डेकवर फेऱ्या मारणे, वाचणे, जेवणे आणि समुद्राकडे पाहणे. रॉयल कॅरिबियन १९६८ साली नॉर्वेच्या काही जहाज कंपन्यांनी मिळून काढली ती मुळी सुटी घालवायला येणाऱ्या लोकांसाठीच. म्हणून एकीच्या जहाजांवर आजही संपूर्ण जहाजाला वळसा घालणारा लाकडी फळ्यांचा डेक जपलेला दिसतो, तर दुसरीच्या जहाजावर लाटांवर उभे राहायला शिकवणारा कृत्रिम जलप्रवाह, हवेच्या झोताने माणसाला तरंगवणारी काचेची नळी आणि एकमेकांवर आपटायच्या छोट्या गाड्या असतात.

मात्र अलास्कात जूनमध्येही दुपारचे तापमान बहुधा १५ अंशांच्या आसपास असते आणि पाऊस कधीही येतो. मोठ्या जहाजाच्या जाहिरातीत जे दिसते त्यातला उघड्यावरचा भाग त्या थंडीत मुले एकदा करून पाहतात आणि मग आत पळतात. आतला भाग मात्र भरपूर आहे आणि तो चांगला आहे, हेही मोकळेपणाने सांगितले पाहिजे. जहाजाच्या मागच्या टोकाला ‘टू सेव्हन्टी’ नावाचे तिन्ही बाजूंनी उंच काचा असलेले दालन आहे. पावसाळी दिवशी तिथे बसून डोंगर मागे सरकताना पाहण्यासारखे सुख नाही. ‘नॉर्थ स्टार’ ही काचेची गोल खोली यंत्राच्या हाताने समुद्रापासून सुमारे ३०० फूट वर उचलली जाते, फक्त वारा वाढला की ती बंद ठेवतात. आणि गंमत अशी की त्या जहाजावरची सर्वांत शांत जागा, पुढच्या बाजूला काचेच्या छपराखाली असलेले ‘सोलारियम’, तुमच्या आईवडिलांना नक्की आवडेल. पण तिथे १६ वर्षांखालील कोणाला प्रवेश नाही. म्हणजे आजी-आजोबा एका टोकाला आणि नातवंडे दुसऱ्या टोकाला. जहाजाची लांबी सुमारे ३४८ मीटर आहे (यूरोडॅमची २८५), आणि दुखऱ्या गुडघ्यांनी दिवसातून चार वेळा ते अंतर तोडणे सोपे नसते. तीन कुटुंबे मिळून गेलो तेव्हा आम्ही सगळे एकत्र भेटायचो ते केवळ रात्रीच्या जेवणाला. तरुण कुटुंबांना ते चालून गेले. आईवडील हजारो मैलांवरून नातवंडांना भेटायला आलेले असताना मला ते चालले नसते.

आता ग्लेशियर बेविषयी, कारण माझ्या मते खरा निर्णय तिथे होतो. या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला जास्तीत जास्त दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो आणि ते परवाने ठरावीक कंपन्यांकडे असतात. हॉलंड अमेरिका त्यांपैकी एक आहे. रॉयल कॅरिबियनची जहाजे तिथे जात नाहीत, ती एंडिकॉट आर्मसारख्या अरुंद खाडीतून डॉस ग्लेशियरकडे किंवा हबर्ड ग्लेशियरकडे नेतात. तेही दृश्य भव्यच असते, पण खाडीत तुटलेला बर्फ जास्त असला तर जहाजाला लांबूनच परतावे लागते. ग्लेशियर बेमध्ये जहाज जवळजवळ पूर्ण दिवस घालवते. सकाळी उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीने येऊन दोरशिडीने जहाजावर चढतात आणि दिवसभर ध्वनिक्षेपकावरून माहिती सांगतात. १७९४ साली ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हर यांच्या मोहिमेतील लोक इथे आले तेव्हा खाडीच्या तोंडाशीच बर्फाची भिंत उभी होती. आज तीच खाडी सुमारे १०० किलोमीटर आत शिरल्यावर मार्जरी हिमनदी लागते. जहाज तिच्यासमोर थांबते आणि सावकाश जागच्या जागी वळते, त्यामुळे डाव्या बाजूची केबिन घ्यावी की उजव्या, या वादात पैसे घालवू नयेत.

त्या दिवशी हॉलंड अमेरिकाच्या जहाजावर पुढच्या टोकाचा, एरवी बंद असलेला डेक प्रवाशांसाठी उघडतात आणि थंडीत कुडकुडणाऱ्यांना वाटाण्याचे गरम डच सूप देतात. (आपली मंडळी शाकाहारी असतील तर ते विचारूनच घ्यावे, पारंपरिक कृतीत डुकराचे मांस असते.) मुलांसाठी रेंजरांचा ‘ज्युनिअर रेंजर’ उपक्रम असतो: एक पुस्तिका भरायची, प्राणी ओळखायचे आणि शेवटी शपथ घेऊन बिल्ला मिळवायचा. ७ आणि ११ हे वय त्यासाठी अगदी नेमके आहे. माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता आणि तो बिल्ला त्याने पुढे वर्षभर दप्तराला लावला. मुले १५-१६ वर्षांची असती, तर मी हे लिहिले नसते; त्या वयात त्यांना त्यांच्या वयाची टोळी लागते आणि ती मोठ्या जहाजावरच भेटते. यूरोडॅमवरही मुलांसाठी खोली व देखरेख करणारी माणसे असतात, पण सोबतीला किती मुले असतील ते तारखेवर अवलंबून असते. जूनच्या पहिल्या आठवड्यापेक्षा शेवटच्या आठवड्यात ती बरीच जास्त असतात, कारण सिअ‍ॅटलकडच्या शाळा उशिरा सुटतात.

माझे वडील मालवणकडचे. लहानपणी ते भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणाऱ्या बोटीने, पावसाळ्यात ती बंद होण्याआधी, सुटीला गावी जात. त्या बोटीवर डेकवर पथारी टाकून किनाऱ्यावरचे दिवे मोजणे एवढाच कार्यक्रम असे, असे ते सांगतात. आमच्या अलास्काच्या सफरीत ते रोज सकाळी डेकला चार फेऱ्या मारून मग लाकडी खुर्चीवर पांघरूण घेऊन बसत, आणि तिसऱ्या दिवसापासून नातू त्यांच्या शेजारी दुर्बीण घेऊन बसू लागला. त्याला कोणी बसवले नव्हते. दुसरीकडे पळावे असे काही तिथे नव्हते, एवढेच. देवमासे दिसले तेही त्या दोघांनाच, आम्ही सगळे बुफेत होतो.

जेवणाची चिंता बहुतेकांना वाटते त्यापेक्षा लहान आहे. आरक्षण करतानाच शाकाहारी किंवा जैन जेवण हवे असे कळवावे आणि पहिल्या संध्याकाळी जेवणाच्या मोठ्या दालनातील मुख्य वाढप्याला भेटून पुन्हा सांगावे. मग आदल्या रात्री सांगून दुसऱ्या दिवशी भाजी-वरण मिळू शकते. रॉयल कॅरिबियनवर भारतीय कर्मचारी बरेच असतात, त्यांत गोव्याचेही. एका तारवटी (जहाजावर नोकरी करणाऱ्या) मुलाशी आमच्या सोबतच्या एका आजींनी कोकणी-मराठी मिसळून अशी काही गट्टी केली की त्यांना रोज न मागता ताक येऊ लागले. हॉलंड अमेरिकाचे कर्मचारी प्रामुख्याने इंडोनेशिया आणि फिलिपाईन्सचे असतात. तिथे सांबाल नावाची तिखट चटणी मागून घ्यावी, फिक्या जेवणाला कंटाळलेली जीभ ताळ्यावर येते.

शांततेचा आणखी एक भाग आहे आणि त्याचा कंपनीशी संबंध नाही. पूर्वी एका सफरीत, कंपनीचे नाव घेत नाही, आम्ही स्वस्त म्हणून पोहण्याच्या तलावाच्या बरोबर खालची केबिन घेतली आणि रोज पहाटे पाच वाजता डोक्यावर खुर्च्या ओढल्याचा आवाज ऐकत उठलो. जहाजाचा नकाशा उघडून वरच्या आणि खालच्या दोन्ही मजल्यांवर केबिनच असतील अशी जागा निवडावी. ती शक्यतो जहाजाच्या मध्यभागी असावी, म्हणजे बोट लागण्याचा त्रासही कमी होतो. सिअ‍ॅटलहून निघणारी जहाजे बहुतेक वेळा व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, म्हणजे उघड्या महासागरातून जातात, त्यामुळे पहिला आणि शेवटचा दिवस थोडा हेलकावे खाणारा असू शकतो. लहान जहाज तिथे जरा जास्त हलते, हा यूरोडॅमविरुद्धचा एक प्रामाणिक मुद्दा आहे. आईंना गाडीत मळमळत असेल, तर डॉक्टरांना विचारून गोळ्या बरोबर ठेवाव्यात. कॅनडातील व्हँकुव्हर शहरातून निघणाऱ्या फेऱ्या बेट आणि मुख्य भूमी यांमधल्या शांत पाण्यातून जातात. तोही पर्याय पाहावा, फक्त मग विमानप्रवास आणखी वाढतो.

रात्रीविषयी फार लिहीत नाही. यूरोडॅमवर संगीत चांगले असते, पण अकरानंतर मार्गिका सुन्या पडतात. तुम्हा दोघांना आईवडिलांकडे मुले सोपवून रात्री उशिरापर्यंत कार्यक्रम पाहायचे असतील, तर तिथे निराशा होईल. खर्चाची तुलना करताना केवळ भाडे पाहू नये. दोन्हीकडे माणशी रोज सुमारे १६ ते २० डॉलर बक्षिसीपोटी आपोआप लावले जातात, आणि सहा जणांचे सात दिवस म्हणजे ती रक्कम बरीच होते.

शेवटी एक गोष्ट, जी आरक्षणाच्या आधी करायची आहे. अमेरिकेच्या १८८६ सालच्या एका कायद्यानुसार परदेशी ध्वजाखालील जहाजाला अमेरिकेच्या बंदरातून प्रवासी घेऊन मध्ये परदेशी बंदरात न थांबता अमेरिकेतच परत सोडता येत नाही. म्हणून सिअ‍ॅटलच्या जवळजवळ प्रत्येक फेरीत एका संध्याकाळी कॅनडातील व्हिक्टोरिया येते. तिथे उतरायचे नसले तरी भारतीय पारपत्रावर येणाऱ्या तुमच्या आईवडिलांना कॅनडाचा व्हिसा लागतो, आणि अमेरिकेचा व्हिसाही एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा असावा लागतो. कागद अपुरे असतील तर सिअ‍ॅटलच्या धक्क्यावरच जहाजात चढू देत नाहीत. जूनची सफर असेल तर कॅनडाचा अर्ज आईवडील पुण्यात असतानाच, हिवाळ्यातच करून टाकावा, आणि व्हिसा हातात येईपर्यंत पूर्ण परतावा मिळेल अशाच अटीवर केबिन राखून ठेवावी.