हाड मोडलंय, मग प्लास्टर का नाही?

प्रश्न : माझ्या सासूबाई (वय ७४) न्हाणीघरात घसरून कुशीवर पडल्या. एक्स-रेमध्ये 'प्युबिक रॅमस फ्रॅक्चर' निघालं. डॉक्टरांनी ना प्लास्टर घातलं, ना ऑपरेशन सांगितलं. गोळ्या दिल्या आणि दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं करायला सांगितलं. नणंदा म्हणतात, डॉक्टर बदला. काय करावं?
— एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : ताई, डॉक्टर बदलू नका. नणंदांना हे पान वाचायला द्या.

म्हातारं माणूस पडलं की घरात 'खुबा मोडला' एवढंच बोललं जातं. खुब्यात मोडते ती मांडीच्या हाडाची मान, आणि तिला बहुतेकदा ऑपरेशन लागतंच. सासूबाईंचं मोडलंय ते हाड वेगळं. दोन्हींत दुखतं जांघेतच, म्हणून गल्लत होते.

विठोबासारखे कमरेवर हात ठेवून उभ्या राहा. हाताला जी हाडाची कड लागते ती इलियम. कडक बाकावर बसलं की खाली रुततं ते इश्चियम. ओटीपोटाच्या अगदी खाली, पुढून मधोमध लागतं ते प्युबिस. लहानपणी ही तिन्ही हाडं वेगळी असतात, वयात येताना खुब्याच्या खोबणीत जुळून एक होतात. असं एक हाड डावीकडे, एक उजवीकडे; मागे दोघांच्या मधे पाच मणके जुळून झालेलं त्रिकास्थी आणि त्याखाली माकडहाड. हे सगळं मिळून कमरेचं एक कडं होतं. धडाचा भार त्रिकास्थीतून दोन्ही खुब्यांत उतरतो तो या कड्याच्या मागच्या भागातून. पुढे प्युबिसच्या फांद्यांवर (रॅमस म्हणजे हीच फांदी, सासूबाईंची तीच मोडलीय) त्यातला थोडाच येतो. म्हणून पुढची फांदी तडकली आणि मागचं शाबूत असलं, तर माणूस उभं राहू शकतं. आजूबाजूचे स्नायू तो तुकडा धरून ठेवतात. आणि प्लास्टर घालायचं म्हटलं तरी त्या जागी घालणार कसं?

एक पुस्ती जोडते. काचेची बांगडी क्वचितच एकाच जागी तडकते, या कड्याचंही तसंच. पुष्कळदा मागे त्रिकास्थीतही बारीक चीर गेलेली असते आणि साध्या एक्स-रेत ती लपते. सासूबाईंची कंबर किंवा ढुंगणाची बाजू खोलवर दुखत असेल, आठवडाभरात पाऊलच टाकता येत नसेल, तर सीटी स्कॅनबद्दल जरूर विचारा. त्या रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर ते डॉक्टरांना आजच सांगा. अशा माणसांत हे साधं फ्रॅक्चरही आतल्या आत बरंच रक्त सांडू शकतं. हिमोग्लोबिन पुन्हा तपासावं लागतं.

आता चालवण्याबद्दल. हे हाड साधारण ६ ते ८ आठवड्यांत जुळतं, अंथरुणावर पडून राहिलं म्हणून लवकर जुळत नाही. पडून राहिल्यानं मात्र पोटरीत रक्ताची गुठळी होते, छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात, मांड्या वाळतात. मला धास्ती असते ती बेडपॅनची! 'आईंना कशाला त्रास' म्हणून सुना-लेकी प्रेमानं सगळं पलंगावर करतात, आणि महिन्याभरात चालतं-फिरतं माणूस कायमचं आडवं होतं. गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं उठवा, सोसेल तेवढाच भार टाकू द्या, संडासला कमोडची खुर्ची द्या. मालीश नको. आंबेहळदीचा लेप लावायचा तर लावा, तो हाडापर्यंत पोचत नाही एवढंच. पोटरी सुजली, दम लागला, लघवी अडली किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, तर मात्र वाट न पाहता लगेच डॉक्टरांना गाठा.

खरा आजार अजून तुमच्या चिठ्ठीत आलेलाच नाही. उभ्या उंचीवरून पडून कडं मोडलं, म्हणजे हाडं ठिसूळ झाली आहेत. डेक्सा तपासणी (हाडांची घनता मोजणारी), ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि मूत्रपिंडाची रक्ततपासणी करून घ्या. हाडं बळकट करणारी, आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी लिहून दिली, तर ती सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि चहासुद्धा नाही. सासूबाई कुरकुरतील, चहा अर्ध्या तासानंतरच द्या.

प्रश्न : माझं हायवेलगत गॅरेज आहे. अपघातात कंबर मोडल्यावर चादर बांधतात असं ऐकलं. खरं का?
— एक वाचक, खेड

उत्तर : खरं, पण लोक ती पोटावर बांधतात, तिथे उपयोग नाही. मांडीच्या वरच्या टोकाला बाहेरून हाडाचा उंचवटा लागतो, चादरीचा पट्टा दोन्ही बाजूंच्या त्या उंचवट्यांवरून घट्ट यायला हवा. गुडघे नि पावलंही एकत्र बांधा. वेगानं बसलेल्या धक्क्यात हे कडं उघडतं, त्रिकास्थीपुढच्या शिरांचं जाळं फाटतं आणि बाहेर थेंब न दिसता आत काही लिटर रक्त साठू शकतं. म्हणून मोडलंय का हे कंबर दाबून, हलवून पाहू नका. उठवून बसवू नका, पाणी पाजू नका, १०८ ला फोन लावा. लघवीच्या जागी रक्त दिसलं तर दवाखान्यात आधी ते सांगा, कारण मूत्रनलिका फाटलेली असली तर लघवीची नळी घालण्याआधी तपासावं लागतं. आणि एकदा बांधलेली चादर वाटेत कुणी 'बघू जरा' म्हणून सोडायची नाही. ती कधी काढायची ते एक्स-रे पाहून तिथले डॉक्टर ठरवतील.