सोमवारच्या मीटिंगबद्दल

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. सोमवारच्या ऑनलाइन मीटिंगला सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून कारखान्याची माणसं, पुण्याहून अकाउंट्स आणि मुंबईहून एक्स्पोर्टवाले बसतात. तू तासभर बोलतेस आणि बाकीचे ‘हो, हो’ म्हणतात. त्या ‘हो’वर पुढे आठवडाभर माग चालतात, म्हणून मला काळजी वाटते.

आधी आढावा मीटिंगमधून बाहेर काढ. किती टॉवेल निघाले, कुणाचं पेमेंट अडकलं, हे शनिवारीच ग्रुपवर टाक. मीटिंगला फक्त निर्णयाचं आण, तेही प्रश्न करून. रंगाईबद्दल नुसतं ‘डाईंगची अडचण’ असं नको. ‘डाईंग बाहेरून करून घ्यायचं, की गिऱ्हाइकाकडे आठ दिवस मागायचे?’ असं लिही. जेफ बेझोस यांनी २००४ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट काढून टाकलं. तिथे लेखी टिपण आणतात आणि सुरुवातीला सगळे गप्प बसून ते वाचतात. तुला एक पान पुरे, पण ते वाचायला पाच मिनिटं मीटिंगमध्येच दे. घरून कुणी वाचून येत नाही.

समोरासमोर बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी पाव सेकंदही लागत नाही. ऑनलाइन आवाज जरा उशिरा पोचतो, दोघं एकदम बोलतात, ‘तुम्ही बोला, तुम्ही बोला’ होतं आणि भिडस्त माणूस माघार घेतो. तो बहुतेक कारखान्यातलाच असतो, कारण मागांच्या खडखडाटामुळे त्याने माइक बंद ठेवलेला असतो. तेव्हा ‘कुणाला काही बोलायचंय का?’ असं मोघम विचारू नकोस. ‘मास्तर, बाहेर दिलं तर रंग जुळेल का?’ असं रंगाई बघणाऱ्या मास्तरांना थेट विचार, आणि पहिल्यांदा त्यांनाच. मालक आधी बोलले की सगळ्यांचं मत तेच होतं. मालकांना हे आदल्या दिवशी फोनवर सांग, चारचौघांत नको. मास्तरांची घरची भाषा तेलुगू. मराठीत अडखळले तर थांब, वाक्य तू पुरं करू नकोस.

कॅमेऱ्याची सक्ती नको. सतत स्वतःचा चेहरा दिसल्यानेही थकवा येतो, असं स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये मांडलं होतं. आपला चेहरा आपल्या स्क्रीनवरून लपवायची सोय असते, ती सगळ्यांना दाखव.

शेवटी काय ठरलं, कुणी करायचं, कधीपर्यंत, हे मोठ्याने वाचून दाखव. आणि जानेवारीत गड्ड्याच्या दिवसांत मीटिंग ठेवूच नकोस, कारखान्याचं लक्ष सिद्धेश्वरांच्या यात्रेकडे असतं.

पहिलं पान लिहिलंस की मला पाठव. डाईंगचा प्रश्न कसा मांडतेस ते बघायचंय.

तुझा,
काका