चिफचॅफ आणि विलो वॉर्बलर हे दोन पक्षी वेगळे कसे ओळखावेत?

दिसण्यात इतके सारखे असलेले हे दोन वटवटे ओळखण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे त्यांचे गाणे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये निसर्ग अभ्यासक गिल्बर्ट व्हाइट यांनी त्यांना वेगळे ओळखले, तेही आवाजावरूनच. चिफचॅफ दोनच सुरांची पुनरावृत्ती करत राहतो, तर विलो वॉर्बलरचे गाणे, जे मला अधिक मधुर वाटते, वरच्या सुरावरून हळूहळू खाली उतरत विरून जाते. पक्षी गप्प असेल तर मिटलेल्या पंखांची टोके पाहावीत: सहारा ओलांडून जाणाऱ्या विलो वॉर्बलरची ती लांब असतात, तर सहसा कमी अंतराचे स्थलांतर करणाऱ्या चिफचॅफची आखूड. चिफचॅफ शेपटीही वारंवार खाली झटकतो. त्याचे पाय बहुधा गडद असतात, मात्र अपवाद आढळत असल्याने केवळ पायांच्या रंगावरून निर्णय देऊ नये.